अनुदानाचा पैसा आणि नगराचे स्वत्व

चिपळुणात चिंचनाक्यावरून बाजारपेठेकडे पायी निघालेल्या माणसाला वाटेत, कुठे नव्याने बांधलेल्या गटाराच्या भिंतीवर, कुठे संरक्षक कठड्यावर, तर कुठे एखाद्या समाजमंदिराच्या दर्शनी भागी, एक लहानसा फलक आढळतो; त्यावर योजनेचे लांबलचक नाव, आर्थिक वर्ष, कामाची रक्कम आणि ज्यांच्या प्रयत्नाने निधी मिळाला त्यांची नावे लिहिलेली असतात, आणि आपण ती अर्धवट वाचून पुढे जातो. असा फलक महाराष्ट्रातल्या प्रत्येक लहान नगरात आहे. तथापि तीन प्रश्नांची उत्तरे त्यावर कधीच नसतात: हा पैसा मुळात कोणाचा, तो कोणत्या वाटेने येथवर आला, आणि काम पुरे झाल्यावर त्या कामाची निगा कोण व कशातून राखणार. नगराच्या उत्कर्षाची चिंता वाहणाऱ्या प्रत्येक नागरिकाने हे प्रश्न विचारावेत, आणि विचारण्यापूर्वी अनुदानाचे शास्त्र थोडे समजून घ्यावे, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. 'अनुदान' या शब्दात 'दान' दडलेले असल्यामुळे, वरच्याने कृपावंत होऊन खालच्याच्या ओंजळीत काही टाकले, असा भास सामान्य माणसाला होतो, आणि निधी 'आणणाऱ्या'चे सत्कार होतात तेही याच भासापोटी. वस्तुस्थिती निराळी आहे. ज्या करांचे उत्पन्न व्यापार आणि सुबत्ता यांच्याबरोबर आपोआप वाढत जाते, ते आयकर, वस्तू व सेवा कर, उत्पादन शुल्क असे सारे कर केंद्राच्या व राज्याच्या तिजोरीत जमा होतात. नगरांच्या वाट्याला घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी आणि गाळ्यांचे भाडे यांसारखी मंदगतीने वाढणारी उत्पन्ने राहतात. चिपळूणच्या बाजारपेठेत होणाऱ्या प्रत्येक विक्रीवरचा कर चिपळुणातला ग्राहकच भरतो, मात्र त्या ग्राहकाच्या दारातले गटार ज्या संस्थेने साफ करावयाचे, तिच्या हाती तो कर पडत नाही. वर गेलेल्या या पैशाचा काही अंश नगराकडे परत येण्याची जी रीत, तिला अनुदान म्हणतात.

ही दरी पूर्वी जकातीने काही अंशी भरून निघत असे. नाक्यावर येणाऱ्या मालावरची जकात हे नगरपालिकांचे मोठे आणि रोजचे उत्पन्न होते. १९९९ मध्ये महाराष्ट्र शासनाने नगरपरिषदांच्या हद्दीतून जकात उठविली आणि बदल्यात सहायक अनुदान देण्यास प्रारंभ केला. नाक्यांवरचा खोळंबा व जाच संपला हे खरे, व्यापारालाही त्याचा लाभ झाला. परंतु जे उत्पन्न नगराच्या स्वतःच्या हाताने वसूल होत होते, त्याच्या जागी मुंबईहून निघणाऱ्या आदेशाची वाट पाहावयाची पाळी आली. आज अनेक नगरपरिषदांचे पगारपत्रक त्या सहायक अनुदानावर चालते, आणि हप्ता लांबला की सफाई कामगाराच्या घरातली चूल प्रथम अडते.

चिपळूण हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे नगर आहे. वासिष्ठीच्या काठी, दाभोळच्या खाडीतून येणाऱ्या भरतीच्या पाण्याच्या टप्प्यात, आणि सह्याद्रीच्या पायथ्यापासून फार दूर नाही अशा सखल जागी ते वसलेले आहे. शिवनदी त्याच्या मधून वाहते, आणि कोयनेच्या वीजगृहांतून सुटणारे पाणी वासिष्ठीलाच येऊन मिळते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे नगराची लोकसंख्या ५५,१३९ होती. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ अन्वये ४० हजारांहून अधिक व १ लाखापर्यंत वस्ती असलेली नगरपरिषद 'ब' वर्गात मोडते, आणि चिपळूण त्या वर्गात आहे. पिण्याचे पाणी, रस्ते, दिवाबत्ती, गटारे, सफाई, अग्निशमन, स्मशानभूमी ही कर्तव्ये या संस्थेवर कायद्यानेच सोपविलेली आहेत. शेजारच्या खेर्डीतून व गोवळकोटातून पाणी उपसून ते टाक्यांत चढविण्याचा विजेचा खर्चच केवढा, हे ज्याने नगरपरिषदेचे अंदाजपत्रक एकदा चाळले आहे त्याला सांगावयास नको. म्हणूनच उंचावरून आपल्या उताराने पाणी आणणारी 'ग्रॅव्हिटी'ची योजना हा शब्द चिपळूणकरांच्या तोंडी वर्षानुवर्षे आहे; तशी योजना उभारण्याइतकी ऐपत केवळ घरपट्टीच्या बळावर कोणत्याही लहान नगराला येत नाही, आणि अनुदानाची खरी गरज नेमकी अशाच ठिकाणी असते.

हा प्रश्न आजचा नाही. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने स्थानिक स्वराज्याची कल्पना या देशात अधिकृतपणे रुजू झाली. पण जबाबदारी जितक्या उदारपणे खाली उतरली तितक्या उदारपणे पैसा उतरला नाही. चिपळूणच्या शेजारच्या गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे १८६६ मध्ये जन्मलेले नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविले होते, आणि म्हणून नगराच्या रित्या पेटीची वेदना त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. मध्यवर्ती कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना, सरकारी तिजोरीत वर्षामागून वर्ष पडणारी शिल्लक लोकांच्या शिक्षणाकडे आणि स्थानिक संस्थांच्या आरोग्यविषयक कामांकडे वळवावी, हा आग्रह त्यांनी पुनःपुन्हा धरला. आज ज्याला आपण वित्त आयोगाचे अनुदान म्हणतो त्याच्या मुळाशी हीच भूमिका आहे.

त्या भूमिकेला घटनात्मक अधिष्ठान मिळण्यास मात्र शतक उलटावे लागले. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने नगरपालिकांना राज्यघटनेत स्वतंत्र स्थान दिले, बाराव्या अनुसूचीत १८ विषयांची यादी घातली, दर पाच वर्षांनी नेमावयाच्या राज्य वित्त आयोगावर नगरपालिकांचाही विचार करण्याचे बंधन टाकले, आणि केंद्रीय वित्त आयोगाने नगरपालिकांच्या साधनसंपत्तीला पूरक उपाय सुचवावेत असे सांगितले. तेव्हापासून अनुदानाचा काही भाग तरी मंत्र्यांच्या मर्जीतून निघून हक्काच्या सदरात आला.

आता हे अनुदान कोणकोणत्या ओढ्यांनी येते ते पाहू. पहिला ओढा केंद्रीय वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशातील स्थानिक संस्थांकरिता एकंदर ४,३६,३६१ कोटी रुपयांची शिफारस केली. त्यांपैकी नागरी संस्थांसाठी १,२१,०५५ कोटी होते, आणि १० लाखांपेक्षा कमी वस्तीच्या नगरांसाठी, म्हणजे चिपळूणसारख्यांसाठी, त्यातले ८२,८५९ कोटी. राज्याराज्यांतील वाटप करताना लोकसंख्येला ९० टक्के व क्षेत्रफळाला १० टक्के वजन देण्यात आले. अशा नगराला मिळालेल्या प्रत्येक १०० रुपयांपैकी ४० रुपये 'अबंधित', म्हणजे स्थानिक गरजेप्रमाणे वापरण्यास मोकळे. ३० रुपये स्वच्छता व घनकचरा यांसाठी, आणि उरलेले ३० रुपये पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी 'बंधित'. अबंधित रकमेतूनही पगार भागवावयाचे नाहीत, असा दंडक होता. दुसरा ओढा राज्याचा: उपरोल्लेखित सहायक अनुदान, मालमत्तेच्या खरेदीविक्रीवरील मुद्रांक शुल्काचा नगराला मिळणारा अंश, नगरोत्थान महाअभियान, वस्ती सुधारणेच्या योजना, आणि 'वैशिष्ट्यपूर्ण' या सदराखाली मिळणारी विशेष रक्कम. तिसरा ओढा जिल्हा नियोजन समितीचा, आणि त्याला लागूनच आमदार व खासदार यांच्या स्थानिक विकास निधीचा. चौथा ओढा केंद्राच्या अभियानांचा.

या चौथ्या ओढ्याचा इतिहास लहान नगरांच्या दृष्टीने उद्बोधक आहे. १९७९-८० मध्ये केंद्राने लहान व मध्यम नगरांच्या एकात्मिक विकासाची योजना काढली. महानगरांकडे वाहणारा लोंढा वाटेतल्या नगरांतच थोपवावा, तेथे बाजार, गाळे व रस्ते उभे करून उपजीविका निर्माण करावी, असा दूरदृष्टीचा विचार तिच्यामागे होता. २००५ मध्ये तिची जागा दुसऱ्या योजनेने घेतली, जीत केंद्राचे ८० टक्के, राज्याचे १० टक्के आणि उरलेले १० टक्के स्थानिक पातळीवरून उभारावयाचे असत. २०१५ च्या अमृत अभियानाने प्रामुख्याने १ लाखावरील शहरांनाच जवळ केले आणि लहान नगरे दाराबाहेर राहिली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या त्याच्या दुसऱ्या टप्प्यात मात्र सर्वच नगरांना प्रवेश मिळाला, आणि १ लाखाखालील नगरांच्या प्रकल्पांत केंद्राचा वाटा निम्मा ठरला. पंचेचाळीस वर्षांत दिल्लीची दृष्टी अशी तीनदा फिरली, आणि प्रत्येक वेळी नगरांनी आपल्या गरजा त्या दृष्टीप्रमाणे मांडल्या. अनुदानाचा पहिला धोका येथेच संभवतो: जे आपल्याला हवे त्यापेक्षा जे मंजूर होईल ते मागण्याची सवय.

एखादे अनुदान प्रत्यक्षात कसे उतरते तेही सामान्य वाचकाने जाणून घ्यावे. सर्वसाधारण सभेत ठराव होतो, अभियंता अंदाजपत्रक तयार करतो, तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता मिळते, निविदा निघते, कार्यादेश दिला जातो, काम मोजमाप पुस्तकात नोंदले जाते, देयक निघते, आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र वर धाडले जाते, ज्याखेरीज पुढचा हप्ता सुटत नाही. ही साखळी जनतेच्या पैशाच्या रक्षणासाठी आहे आणि तिची प्रत्येक कडी आवश्यक आहे. अडचण ही की, निधीचा हप्ता पुष्कळदा वर्षाच्या उत्तरार्धात पदरी पडतो, मार्चअखेर डोळ्यांसमोर उभी राहते, आणि कोकणात जूनपासून चार महिने पावसामुळे खोदकाम व डांबरीकरण जवळजवळ बंद असते. तेव्हा सह्याद्रीच्या पश्चिमेस काम करण्याचा खरा हंगाम दसऱ्यापासून मेपर्यंतचाच. हे ज्या नगराने ओळखले, आराखडे आणि नकाशे पावसाळ्यातच तयार करून ठेवले, त्याला आलेला पैसा लाभतो. ज्याने ओळखले नाही त्याच्या खात्यात तो 'अखर्चित' म्हणून राहतो, अथवा घाईने अशा कामांवर खर्च होतो की ज्यांची निकड कोणालाच नव्हती.

अनुदानाची आणखी एक अट स्वहिश्श्याची. अनेक योजनांत ठराविक टक्के रक्कम नगराने आपल्या पदरची घालावयाची असते. ही अट जाचक वाटली तरी तिच्यात शहाणपण आहे, कारण ज्या कामात आपला रुपया गुंतला त्याकडे मनुष्य डोळ्यांत तेल घालून पाहतो. पंधराव्या वित्त आयोगाने आणखी पुढे जाऊन, लेखापरीक्षित हिशेब लोकांसाठी खुले करणे आणि मालमत्ता कराची वसुली राज्याच्या आर्थिक वाढीच्या प्रमाणात वाढविणे, ह्या अनुदानाच्या पात्रतेच्या अटीच ठरविल्या. घरपट्टी थकविणारा माणूस आपल्या घरापुरतेच पैसे वाचवितो असे त्याला वाटत असले, तरी त्याच्या थकबाकीने आळीच्या वाट्याचे अनुदानही अडू शकते, हा त्याचा सरळ अर्थ आहे.

ह्या सर्व व्यवस्थेची कसोटी चिपळुणात २२ जुलै २०२१ रोजी लागली. २६ जुलै २००५ चा महापूर लोकांच्या स्मरणात ताजा असतानाच, त्याहूनही भयंकर असे पाणी त्या पहाटे बाजारपेठेत शिरले; दुकाने, घरे, दवाखाने, एस.टी. स्थानक, सारे बुडाले, आणि पाणी ओसरल्यावर नगरभर चिखलाचा थर राहिला. मदत आली, पंचनामे झाले, महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून स्वयंसेवक धावून आले. परंतु नदीचे पात्र गाळाने उथळ झाले आहे आणि तो काढल्याशिवाय नगर सुरक्षित नाही, ही गोष्ट जुन्या चिपळूणकरांनी प्रथमपासून सांगितली. डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूण बचाव समितीच्या पुढाकाराने नागरिक साखळी उपोषणाला बसले. त्यानंतर शासनाच्या जलसंपदा विभागाने गाळ उपशाचे काम हाती घेतले, आणि नाम फाउंडेशनसारखी संस्थाही आपली यंत्रसामग्री घेऊन त्यात उतरली.

या प्रसंगातून अनुदानव्यवस्थेचे एक मोठे न्यून उघडे पडते. नदी नगरातून वाहते, पण ती नगरपरिषदेच्या मालकीची नाही. तिचे पात्र एका खात्याकडे, वरचे डोंगर व जंगल दुसऱ्याकडे, वीजगृहाचे पाणी तिसऱ्याकडे, आणि हद्दीला लागून असलेली खेर्डी ग्रामपंचायतीच्या कारभारात. प्रत्येक अनुदान आपापल्या खात्याची आणि हद्दीची सीमा घेऊन येते, आणि डोंगरावरून सुटलेला गाळ मात्र या सर्व सीमा ओलांडून शिवनदीच्या तोंडाशी येऊन बसतो. दुसरे न्यून असे की, संरक्षक भिंत बांधावयास निधी मिळतो, उद्यान सुशोभित करावयास मिळतो. पण दरवर्षी, गाजावाजा न करता, ठरल्या महिन्यात नाले आणि पात्र साफ ठेवावयास तसा हमखास निधी मिळत नाही. नवी वास्तू उभारणे हा एका वेळचा खर्च असतो. तिची निगा हा जन्माचा खर्च. बांधण्यासाठी अनुदान मिळते, पण बांधलेले नांदविणे हे नगरालाच करावे लागते. हा भेद ज्यांच्या ध्यानी येत नाही, त्यांच्या गावी कुलूपबंद सभागृहे आणि आटलेली कारंजी दिसतात.

आणखी एका उणिवेकडे लक्ष वेधणे माझे कर्तव्य आहे. खेर्डीच्या रहिवाशाला घटनेने ग्रामसभा दिली आहे, जिथे तो उभा राहून सरपंचाला हिशेब विचारू शकतो. मोठ्या शहरांसाठी घटनेने प्रभाग समित्या अनिवार्य केल्या, पण त्या ३ लाख व त्याहून अधिक वस्तीच्या ठिकाणी. मधल्या आकाराचे जे नगर, त्याच्या रहिवाशाला यांपैकी काहीच हक्काने लाभले नाही. त्याचा आवाज उठावयाचा तो नगरसेवकाच्या तोंडून. आणि चिपळुणात २०२१ च्या अखेरीस निर्वाचित मंडळाची मुदत संपल्यावर, राज्यातील इतर अनेक नगरपरिषदांप्रमाणेच, डिसेंबर २०२५ मधील निवडणुकीपर्यंत प्रशासकाच्या हाती कारभार राहिला. म्हणजे महापुरानंतरच्या पुनर्बांधणीची जी वर्षे नगराच्या पुढच्या पिढीचे भवितव्य ठरविणारी, त्याच वर्षांत कोणते काम आधी आणि कोणते मागाहून, हे ठरविणारे लोकांनी निवडलेले सभागृह नव्हते. प्रशासक कितीही दक्ष असला तरी तो वर उत्तर देतो. सभागृहाला खाली, लोकांना उत्तर द्यावे लागते.

तरीही निराश होण्याचे कारण नाही, कारण अनुदानाचा योग्य उपयोग कसा करावा याचे उदाहरण चिपळुणातच उभे आहे. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर ही संस्था १८६४ मध्ये स्थापन झाली. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने अशा संस्थांना वार्षिक परिरक्षण अनुदानाची सोय करून दिली, पण त्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे ही संस्था सभासदांच्या वर्गणीवर आणि देणगीदारांच्या औदार्यावर तगली होती. २०१३ च्या जानेवारीत ८६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिने या नगरात भरविले. २००५ च्या आणि २०२१ च्या पुरात तिचे ग्रंथ भिजले, आणि दोन्ही वेळा ती लोकांच्या बळावर पुन्हा उभी राहिली. तिचे रहस्य असे की, सरकारी मदत तिने नाकारली नाही आणि केवळ तिच्यावर विसंबूनही ती राहिली नाही. आपण कशासाठी आहोत हे तिला अनुदान येण्यापूर्वीपासून ठाऊक होते. स्वत्व ते हेच. ज्याला आपले प्रयोजन ठाऊक आहे, त्याच्या हाती आलेला परका पैसाही त्याच्या प्रयोजनाचा होतो.

तर मग सामान्य नागरिकाने काय करावे? नगरपरिषदेचे वार्षिक अंदाजपत्रक मागून घेऊन वाचावे. त्यात स्वतःचे उत्पन्न किती आणि अनुदान किती, हे प्रथम पाहावे. बंधित निधीतली कोणती रक्कम किती वर्षे अखर्चित आहे, हे विचारावे. आपल्या आळीत काम सुरू झाले की कार्यादेश व मोजमाप पाहण्याचा हक्क २००५ च्या माहितीच्या अधिकाराने आपल्याला दिला आहे, तो सभ्यपणे पण निश्चयाने बजावावा. प्रत्येक नव्या बांधकामाचा ठराव येईल तेव्हा, त्याच्या निगेची तरतूद कोणत्या सदरात केली आहे, हा एक प्रश्न आपल्या नगरसेवकाला हटकून विचारावा. आणि हे विचारण्याचा नैतिक अधिकार आपल्याकडे असावा म्हणून घरपट्टी वेळेवर भरावी.

आरंभी ज्या फलकाचा उल्लेख केला, त्याच्याकडे पुन्हा एकवार येऊ. मे महिन्याच्या अखेरीस, वळवाचा पाऊस पडून गेल्यावर, त्याच फलकाशेजारचे झाकण उचलून कमरेइतक्या गटारात उतरलेला कामगार आतला गाळ घमेल्याने वर देत असतो. त्या कामाचे उद्घाटन होत नाही, त्यासाठी वेगळी योजना नसते, आणि त्या कामगाराचे नाव कोणत्याही फलकावर कोरले जात नाही. परंतु पुढच्या जुलैत पाणी बाजारपेठेत शिरणार की वासिष्ठीकडे निघून जाणार, हे पुष्कळसे त्या घमेल्यावर अवलंबून आहे. त्याचा पगार वेळेवर होतो का, त्याच्या हातात हातमोजे आहेत का, आणि त्याचे काम पावसाआधी पुरे व्हावे इतकी तरतूद अंदाजपत्रकात आहे का, हे पाहणारे नागरिक ज्या नगरात आहेत, त्या नगराने अनुदानाचा पैसा आपलासा केला असे मी म्हणेन.